नभोवाणीवरील मिश्र गीतक्रम : स्वरूप, कारणे आणि अभ्यासाची दिशा

आपल्याकडील संगीतविषयक संशोधनात अभ्यासाचे एकक बहुधा ठरून गेलेले असते. कोणी एका गायकाचा अभ्यास करतो, कोणी एका घराण्याचा. कोणी नाट्यसंगीत घेतो, कोणी भावगीत, तर कोणी लावणी. ह्या प्रत्येक अभ्यासात गीत हे आपल्या सजातीय गीतांच्या पंक्तीत बसवून तपासले जाते. परंतु गेल्या शतकातील सामान्य श्रोत्याच्या कानावर गाणे ह्या रीतीने फारसे पडलेच नाही. ते नभोवाणीवरून पडले, आणि नभोवाणीवर ते नेहमी दुसऱ्या एखाद्या गाण्याच्या मागून व तिसऱ्याच्या आधी आले. अभंगामागून नाट्यपद, त्यामागून भावगीत, त्याला लागून बोलपटातील लावणी आणि शेवटी एखादे कोळीगीत, अशी अर्ध्या तासाची पाच गाणी कल्पनेने समोर ठेवली, तर प्रकार पाच, काळ पाच आणि श्रोतृवर्गही मूळचे पाच आहेत असे दिसेल. तरीही ऐकणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. हे ‘न वाटणे’ कसे घडले, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. ह्या मांडणीला आपण सोयीसाठी ‘मिश्र गीतक्रम’ म्हणू. तो केवळ गाण्यांचा ढीग नसून एक रचना आहे, आणि सुट्या गीताइतकाच स्वतंत्र अभ्यासास पात्र आहे, असे येथे दाखवावयाचे आहे.

१. पूर्वपरंपरा

निरनिराळ्या जातींची गाणी एकत्र गुंफणे ही गोष्ट आपल्याकडे नभोवाणीने प्रथम आणली असे नाही. नारदीय कीर्तनात अभंग, श्लोक, आर्या, साकी, दिंडी, कटाव ही सारी एकाच आख्यानात येतात. तेथे कवी वेगळे, शतके वेगळी, चालीही वेगळ्या. पण पूर्वरंगातील सिद्धांत आणि उत्तररंगातील कथा त्या सर्वांना एका सूत्रात ओवते. मैफलीतही ख्यालानंतर ठुमरी किंवा नाट्यपद येते व भैरवीने समाप्ती होते. तेथे एकत्व येते ते गायकाच्या एका गळ्यामुळे. संगीत नाटकात हे काम कथानक करते.

नभोवाणीवरील मिश्र गीतक्रमात आख्यान नसते, एक गळा नसतो आणि कथानकही नसते. मग जोडणारे सूत्र कोणते? त्याचे उत्तर दोन शब्दांत देता येते: घड्याळ आणि निवेदक. सकाळी अमुक वाजता अमुक प्रकारचे गाणे लागणार, हे घड्याळ ठरविते. आणि दोन गाण्यांमधील दोनचार वाक्यांनी निवेदक त्यांचा परस्परसंबंध सुचवितो, किंवा संबंध नसेल तर तो नसल्याची जाणीव होऊ देत नाही.

ह्याच्या उलट टोकाचे उदाहरण ‘गीतरामायणा’चे आहे. ग. दि. माडगूळकरांची छप्पन गीते सुधीर फडके यांच्या संगीतात १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावरून सुमारे वर्षभर, दर आठवड्यास एक ह्याप्रमाणे प्रसृत झाली. गायक अनेक होते. पण कवी एक, संगीतकार एक आणि कथाही एक. नभोवाणीने स्वतः घडविलेला तो एकात्म गीतक्रम होय. त्याच नभोवाणीने रोज सकाळ-संध्याकाळ जो मिश्र गीतक्रम घडविला, त्याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष तितकेसे गेलेले नाही; कारण त्याला कर्ता म्हणून दाखविता येईल असे एक नाव नाही.

२. तबकडीने केलेले समानीकरण

मिश्र गीतक्रम शक्य होण्यास प्रथम एक भौतिक गोष्ट घडावी लागली. नोव्हेंबर १९०२ मध्ये गौहरजान यांचे गाणे कलकत्त्यात ध्वनिमुद्रित झाले आणि हिंदुस्थानी संगीत तबकडीवर आले. पुढे दीर्घकाळ प्रचारात राहिलेल्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक गाणे मावत नसे. ह्या मर्यादेचा गायकीवर काय परिणाम झाला ह्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. गीतक्रमावर झालेला परिणाम मात्र निराळा आणि तितकाच दूरगामी आहे.

रंगभूमीवर वारंवार ‘वन्समोअर’ घेत रंगणारे नाट्यपद, मध्यरात्रीनंतर फडात चढत जाणारी लावणी, दिंडीत टाळमृदंगाच्या गजरात आळविला जाणारा अभंग आणि बोलपटातील गीत ह्यांची स्वाभाविक लांबी कधीच सारखी नव्हती. तबकडीने ती सारखी केली. एकदा लांबी समान झाली, की एकाच्या जागी दुसरे ठेवता येते. विटा एका मापाच्या असल्या म्हणजे भिंत रचता येते, तसेच हे. सर्व प्रकारांची गाणी परस्परांच्या शेजारी बसण्याजोगी झाली ती ह्या मापामुळे.

ह्या समानीकरणाला विरोध करणारी योजनाही आकाशवाणीनेच आखली. २० जुलै १९५२ रोजी सुरू झालेल्या संगीताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात शास्त्रोक्त गायन-वादनास दीर्घ अवधी देण्यात आला. एकीकडे रागविस्ताराला पुरेसा निवांतपणा आणि दुसरीकडे तीन-तीन मिनिटांची माळ, अशा दोन कालमापनपद्धती एकाच संस्थेत शेजारी नांदत होत्या. त्यांतील संघर्ष त्याच वर्षी उघड झाला.

३. १९५२ ते १९५७ : धोरण आणि तडजोड

१९५२ साली डॉ. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत ते त्या पदावर होते. राजाश्रय संपलेल्या शास्त्रोक्त संगीतास राष्ट्राने आश्रय द्यावा आणि तो नभोवाणीच्या द्वारे द्यावा, अशी त्यांची धारणा होती. चित्रपटसंगीत हे रुचीला उतार देणारे आहे असे त्यांचे मत असल्याने त्याचा वाटा कमी करण्यात आला. चित्रपटाचे नाव उच्चारणे म्हणजे फुकट जाहिरात, असाही एक आक्षेप होता. निर्मात्यांशी ह्यावरून तेढ वाढली आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. त्यांची जागा भरून काढण्यासाठी केंद्रांवर सुगम संगीताचे विभाग उभे राहिले. कवींकडून गीते लिहवून घेऊन त्यांना नव्या चाली देण्यात येऊ लागल्या. मराठी भावगीताला ह्या काळात नभोवाणीचा जो आधार लाभला, त्यामागे ह्या धोरणाचाही काही अंश आहे, हे विसरता येत नाही.

परंतु श्रोता थांबून राहिला नाही. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या आग्नेय आशिया कमांडसाठी कोलंबो येथे उभारलेले शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक युद्धानंतर सिलोन सरकारकडे आले होते, आणि त्यांवरून रेडिओ सिलोनची व्यापारी सेवा चालू झाली होती. भारतीय श्रोत्याने सुई तिकडे वळविली. डिसेंबर १९५२ मध्ये तेथे अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचे आरंभीचे स्वरूप विशेष लक्षणीय आहे. प्रारंभी सात गाणी कोणत्याही श्रेणीविना वाजविली जात आणि लोकप्रियतेनुसार त्यांचा क्रम लावून पाठविण्याचे आवाहन श्रोत्यांना केले जाई. कालांतराने कार्यक्रमानेच श्रेणीबद्ध रूप घेतले. म्हणजे गाण्यांइतकाच त्यांचा ‘क्रम’ हाही श्रोत्यांच्या उत्सुकतेचा विषय बनला. पहिले कोण आणि सातवे कोण, हा प्रश्न मैफलीत कधीच विचारला गेला नव्हता.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने ‘विविध भारती’ ही सेवा सुरू केली, ती ह्या पार्श्वभूमीवर. पंडित नरेंद्र शर्मा तिच्या उभारणीत अग्रभागी होते. प्रारंभी प्रसृत झालेले गीत त्यांनीच रचले, अनिल विश्वास यांनी ते स्वरबद्ध केले आणि मन्ना डे यांनी गायिले. ह्या तपशिलात बरेच काही दडले आहे. कवी, संगीतकार व गायक हे तिघेही चित्रपटसृष्टीशी निगडित. गीत मात्र चित्रपटातील नव्हे, खास आकाशवाणीसाठी रचलेले. ज्या दोन प्रदेशांमध्ये पाच वर्षे कुंपण घातले गेले होते, त्या कुंपणावरच हे पहिले गाणे उभे आहे. सेवा स्वतःला ‘पंचरंगी कार्यक्रम’ म्हणवीत असे. हा शब्द आज आपल्याला केवळ अलंकारिक वाटतो. परंतु त्या वेळी तो एक तडजोड व्यक्त करीत होता. चित्रपटगीताला प्रवेश मिळाला, पण एकट्याला नव्हे; भजन, गझल, लोकगीत, शास्त्रोक्त संगीत आणि नाटिका ह्यांच्या सोबतीने मिळाला. मिश्रण ही येथे रुचीची बाब होण्यापूर्वी धोरणाची बाब होती.

४. क्रम लावण्याची चार तत्त्वे

विविध भारतीच्या पुढील काळातील कार्यक्रमांकडे पाहिले असता गीतक्रम लावण्याची निदान चार भिन्न तत्त्वे आढळतात.

पहिले तत्त्व काळाचे. ‘भूले बिसरे गीत’ ह्या कार्यक्रमात जुनेपण हाच निवडीचा निकष असे. रेडिओ सिलोनच्या सकाळच्या जुन्या चित्रपटगीतांच्या कार्यक्रमात तर शेवटचे गीत कुंदनलाल सैगल यांचे, असा दंडकच होता. सैगल १८ जानेवारी १९४७ रोजी निवर्तले. त्यानंतर अनेक दशके ते रोज सकाळी ठरल्या वेळी गात राहिले. मैफलीत जे स्थान भैरवीचे, ते ह्या क्रमात सैगलांचे झाले. समाप्तीची ही जागा कोणत्याही रागाच्या नियमाने नव्हे, तर नित्य पुनरावृत्तीने पवित्र झाली.

दुसरे तत्त्व रागाचे. ‘संगीत सरिता’ मध्ये एखाद्या रागाचे थोडक्यात विवरण, त्यातील शास्त्रोक्त गायन किंवा वादन आणि त्याच रागावर आधारलेले चित्रपटगीत अशी मांडणी असे. येथे दोन प्रकारांमधील भिंत काढून टाकलेली नाही. तिला दार पाडले आहे. चित्रपटगीत ऐकून ज्याला राग ओळखता येऊ लागला, त्याला पुढे ख्याल परका वाटत नाही. १९५२ चे धोरण चित्रपटगीत वगळून जे साधू पाहत होते, त्यातील काही भाग ह्या रीतीने ते समाविष्ट करूनच साधला गेला.

तिसरे तत्त्व भावाचे किंवा विषयाचे. रात्रीच्या ‘छायागीत’ मध्ये निवेदक एखादी कल्पना घेई, जसे पाऊस, वाट किंवा विरह, आणि तिच्याभोवती निरनिराळ्या दशकांतील गाणी गुंफी. कीर्तनकाराच्या पद्धतीला सर्वांत जवळचा असा हा प्रकार होय. येथे निवेदक हा केवळ सूचना देणारा राहत नाही. तो संपादक होतो.

चौथे तत्त्व श्रोत्याच्या मागणीचे. सैनिकांसाठीच्या ‘जयमाला’ मध्ये किंवा फर्माइशीच्या कार्यक्रमांत क्रम पत्रांवरून ठरे. मुंबई केंद्रावरील ‘आपली आवड’ हे त्याचे मराठी रूप. बिहारमधील (आता झारखंडातील) झुमरीतलैयासारखे गाव केवळ फर्माइशीच्या पत्रांमुळे देशभर माहीत झाले. ह्या कार्यक्रमांत गाण्याआधी श्रोत्यांच्या नावांची यादी वाचली जाई. ज्यांनी ते गाणे रचले वा गायिले, त्यांच्याइतकाच मान ज्यांनी ते मागितले त्यांना मिळे. आपले नाव आणि आपले गाव आकाशवाणीवरून उच्चारले जाणे, ही स्वातंत्र्योत्तर काळातील सामान्य माणसाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती.

ही चार तत्त्वे बाहेरून सारखी दिसणारी मिश्रणे घडवितात. पण त्यांचे कार्य एक नाही. पहिले स्मरण घडविते, दुसरे शिक्षण देते, तिसरे अर्थ लावते आणि चौथे मतगणना करते.

५. गाण्याचा काळ कोणता?

मिश्र गीतक्रमात निरनिराळ्या ‘काळांतील’ गाणी येतात असे आपण सहज म्हणतो. परंतु एका गाण्याचा काळ ठरविणे वाटते तितके सोपे नाही. व्ही. शांताराम यांच्या ‘अमर भूपाळी’ (१९५१) मध्ये शाहीर होनाजी बाळाची भूपाळी आहे. चित्रपटाचे संगीत वसंत देसाई यांचे. नभोवाणीवरून सकाळी ती ऐकताना आपण नेमके काय ऐकतो? उत्तर पेशवाईतील शाहिराची रचना, १९५१ चे वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रण आणि ऐकणाऱ्याची आजची सकाळ, असे तीन काळ तेथे एकावर एक बसलेले असतात. शिवाय भूपाळी हा प्रकार मूळचाच प्रातःकाळचा. चित्रपटातील प्रसंगापासून सुटून ती नभोवाणीच्या घड्याळात आली, तेव्हा एका अर्थी ती स्वस्थानी परतली.

दुसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. प्रभात कंपनीच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) ह्या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी एक पद लिहिले. ते अभंगाच्या घाटात इतके चपखल बसले, की ते तुकोबांचेच आहे असा समज जाणत्यांतही पसरला. नभोवाणीवर असे पद खऱ्या अभंगांच्या शेजारी बसले आणि निवेदकाने कवीचे नाव घेतले नाही, तर हा समज दर प्रक्षेपणागणिक दृढ होत जातो. घेतले, तर तो दुरुस्त होतो. गीतकार, संगीतकार आणि गायक ही तीन नावे उच्चारण्याची शिस्त म्हणजे केवळ शिष्टाचार नव्हे. छापील ग्रंथात जे काम तळटीप करते, तेच काम येथे निवेदन करते. ज्या श्रोत्याने साहित्येतिहासाचे एकही पुस्तक उघडले नाही, त्याला कवी व संगीतकार ह्यांच्यातील भेद ह्या तीन नावांनी शिकविला.

६. मिश्रणाच्या मर्यादा

येथवरच्या विवेचनावरून मिश्र गीतक्रम ही केवळ इष्ट गोष्ट आहे असा ग्रह होऊ नये. दोन आक्षेप गंभीर आहेत.

पहिला असा, की मिश्रणासाठी प्रत्येक गाणे त्याच्या स्थानापासून तोडावे लागते. अदाकारीवाचूनची लावणी, वारीवाचूनचा अभंग, वल्ह्यावाचूनचे कोळीगीत ही ऐकावयास गोड असली, तरी अपुरी असतात. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) ह्या चित्रपटाने आणि वसंत पवार यांच्या संगीताने लावणी ज्या घरांत पोहोचविली, तेथे संगीतबारीत नाचणाऱ्या स्त्रीला प्रवेश नव्हता. गाणे घरात आले, गाणारी दाराबाहेर राहिली. मिश्र गीतक्रमातील सलोखा हा गाण्यांचा सलोखा आहे. तो माणसांचा आहे असे गृहीत धरणे धोक्याचे होय.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. ध्वनिमुद्रिकांचा हा क्रम ग्रंथालयात जे आहे त्यातूनच लागतो. ज्याची तबकडी निघाली नाही ते ह्या मिश्रणाच्या बाहेर राहते, मग ते कितीही लोकांच्या ओठी असो. जात्यावरच्या ओव्या हे ह्याचे ठळक उदाहरण. गी पॉइतव्हँ आणि हेमा राइरकर यांनी पुढे महाराष्ट्राच्या खेड्यांतून ज्या ओव्या संकलित केल्या, त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. एवढा मोठा गीतसंभार शतकाच्या बहुतेक काळात व्यापारी ध्वनिमुद्रणाच्या कक्षेबाहेर राहिला. आंबेडकरी जलशांतील गाणी व वामनदादा कर्डक यांसारख्या लोककवींच्या रचना प्रथम वस्त्यांतून आणि मैदानांतून फिरल्या. त्यांना मोठा प्रसार मिळाला तो पुढे ध्वनिफिती स्वस्त झाल्यावर. म्हणून ‘विविध’ ह्या विशेषणाची व्याप्ती मोजताना गीतक्रमात काय आले ह्याबरोबरच काय येऊच शकत नव्हते, हेही पाहिले पाहिजे.

७. एकजिनसी क्रमाशी तुलना

तरीही मिश्रणाचे मोल कळते ते त्याच्या अभावी. अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकाच्या आरंभी ओमाहा येथील टॉड स्टॉर्झ यांच्या नभोवाणी केंद्राने थोडीच लोकप्रिय गाणी वारंवार वाजविण्याची पद्धत रूढ केली. नाणे टाकून गाणे लावण्याच्या यंत्रावर लोक तेच ते गाणे पुनःपुन्हा मागतात, ह्या निरीक्षणावर ती आधारलेली होती. आपल्याकडे विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथे जाहिराती सुरू झाल्या आणि २००१ पासून खाजगी एफ.एम. केंद्रे आली. जाहिरातदाराला विशिष्ट श्रोतृवर्ग हवा असतो; आणि श्रोतृवर्ग जितका नेमका हवा, तितका गीतक्रम एकजिनसी करण्याकडे कल वाढतो. आज संगणक प्रत्येक श्रोत्याच्या पूर्वीच्या पसंतीवरून त्याच्यापुरता वेगळा क्रम लावून देतो. गाण्यांची संख्या अमर्याद झाली आहे. पण त्यांच्या निवडीचे गमक ‘ह्याला यापूर्वी काय आवडले’ हेच राहते.

मिश्र गीतक्रमाचे वैशिष्ट्य नेमके ह्याच्या उलट होते. त्यात श्रोत्याला न मागितलेले गाणे ऐकावे लागे. आपल्या आवडीचे गीत येईपर्यंत त्याला दुसऱ्याच्या आवडीचे दोन ऐकणे भाग असे, आणि हे सर्व एका घरात, एका यंत्राभोवती, तीन पिढ्यांच्या उपस्थितीत घडे. आजोबांचे नाट्यपद नातवाच्या कानावर पडले ते त्याने निवडले म्हणून नव्हे. पुढच्या गाण्याची वाट पाहत असताना ते मध्ये आले म्हणून. रुचीचा विस्तार बहुधा अशा आडवाटेनेच होतो. ही सक्ती सौम्य होती. पण सक्ती होती, हे मान्य करूनच तिचे मूल्यमापन केले पाहिजे.

८. अभ्यासाची दिशा

गीतक्रमाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यापुढे मुख्य अडचण साधनांची आहे. प्रक्षेपण हवेत विरते. १९३५ पासून निघू लागलेल्या ‘दि इंडियन लिसनर’ ह्या पाक्षिकात, पुढे साप्ताहिकात, केंद्रांचे कार्यक्रम छापले जात. परंतु छापलेला कार्यक्रम हा संकल्प असतो, प्रत्यक्षात काय वाजले त्याचा पुरावा नव्हे. त्याला केंद्रांतील दैनिक नोंदींची, जुन्या ध्वनिफितींची, संग्राहकांच्या वह्यांची आणि श्रोत्यांच्या स्मृतींची जोड द्यावी लागते. तबकड्या जपणारे संग्राहक आपल्याकडे पुष्कळ आहेत. आज कोणत्या गाण्यामागून कोणते लागले ह्याची नोंद ठेवणारे विरळा. म्हणून गाणी टिकली आणि त्यांचा क्रम नष्ट झाला. ही हानी गाणे नष्ट होण्याइतकी डोळ्यांत भरत नाही, एवढेच.

उपलब्ध गीतक्रमाला निदान चार प्रश्न विचारता येतील. हा क्रम कोणत्या तत्त्वावर लावला आहे? प्रत्येक गाण्याचे किती काळ संभवतात आणि निवेदनाने त्यांतील कोणता पुढे केला? दोन गाण्यांमधील सांधा कशाने जोडला आहे: रागाने, शब्दाने, नावाने की नुसत्या शांततेने? आणि त्या दिवशी, त्या वेळी, त्या प्रदेशात जे गायिले जात होते, पण येथे आले नाही, ते कोणते?

हे प्रश्न केवळ गतकाळासाठी नाहीत. पदव्युत्तर विद्यार्थ्याने कोणत्याही एका केंद्राचे एका आठवड्याचे प्रक्षेपण ऐकून गाणे, वर्ष, प्रकार, उच्चारलेली नावे आणि दोन गाण्यांमधील निवेदन अशा पाच रकान्यांत त्याची नोंद केली, तर एक विश्वसनीय साधन तयार होईल. त्यास खर्च नाही. चिकाटी मात्र हवी. पंचवीस वर्षांनंतरच्या अभ्यासकाला ती नोंद, आज आपल्याला १९५७ च्या एखाद्या आठवड्याची मिळती तर जितकी मोलाची वाटली असती, तितकीच मोलाची वाटेल.